कॉर्व्हेट : इंजिन पाठीमागे न्यायला साठ वर्षं

चौथागिअर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला गेलो होतो. पोराच्या खोलीत चारही भिंतींवर गाड्यांची पोस्टरं, आणि सगळ्या इटालियन नाहीतर जर्मन. म्हटलं, अमेरिकेची ती शेव्हर्ले कॉर्व्हेट कुठाय? तर म्हणतो, "मामा, ती प्लॅस्टिकची ना? अमेरिकन लोकांना फक्त सरळ रस्त्यावर पळता येतं." त्याला उत्तर देता देता माझी मिसळ गार झाली आणि ताईनं 'आता पुरे' म्हणून हात धुवायला पाठवलं. अर्धी राहिलेली गोष्ट इथे पुरी करतो. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

पोरगं अगदीच चूक नव्हतं. सुरुवातीची कॉर्व्हेट खरंच दिसण्यापुरती होती. १७ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सच्या 'मोटोरामा' प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. कल्पना हार्ली अर्लची. हा जीएमच्या डिझाइन विभागाचा सर्वेसर्वा. महायुद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना युरोपातल्या एमजी, जॅग्वार अशा दोन आसनी गाड्यांची चटक लागली होती, आपल्याकडेही तसं काही हवं हे अर्लनं हेरलं. लोकांनी गाडी डोक्यावर घेतली आणि जीएमनं साडेपाच महिन्यांत, ३० जूनला, मिशिगनमधल्या फ्लिंटला पहिली गाडी बाहेर काढली. त्या वर्षी ३०० झाल्या. सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. दुसरा रंगच नाही.

रूप असं, आणि बॉनेट उघडलं की आत सरळ रेषेतलं सहा सिलिंडरचं १५० अश्वशक्तीचं इंजिन. जीएमच्या शेव्हर्ले शाखेच्या घरगुती गाड्यांतलंच, थोडं तिखटमीठ लावलेलं. त्याला जोडलेला दोन गिअरचा ऑटोमॅटिक. पैठणी नेसून भाजी निवडायला बसावं तसं. दाराला बाहेरून मूठ नाही, वरखाली होणाऱ्या काचा नाहीत, पाऊस आला की बाजूला पडदे लावायचे. किंमत ३,४९८ डॉलर. १९५४ साली ३,६४० गाड्या काढल्या, त्यातल्या साधारण एक तृतीयांश वर्षअखेर गिऱ्हाइकाविना पडून होत्या. १९५५ साली उत्पादन ७०० वर आणलं. त्याच हंगामात फोर्डची थंडरबर्ड आली आणि सोळा हजारांवर खपली. माझं मत विचाराल तर फोर्डनंच कॉर्व्हेटला वाचवलं. समोर थंडरबर्ड नसती तर शेव्हर्लेनं हिचे दिवस तेव्हाच घातले असते. फोर्डपुढे माघार घेतली असं दिसू नये, एवढ्यावर ती तगली.

आता माझा माणूस. झोरा आर्कस-डंटॉव्ह. १९०९ साली ब्रसेल्समध्ये रशियन ज्यू आईबापांपोटी जन्मला, पेट्रोग्राडला वाढला, बर्लिनला इंजिनिअरिंग शिकला, आणि महायुद्धात फ्रान्समधून निसटून न्यूयॉर्कला पोचला. भावाबरोबर 'आर्डन' नावाची कंपनी काढून फोर्डच्या इंजिनांना बसतील अशी नवी हेडं बनवली. इंग्लंडमध्ये अ‍ॅलार्ड कंपनीत काम केलं, फ्रान्समधली ले माँची शर्यत पळाला. मोटोरामात कॉर्व्हेट पाहून रूपावर भाळला आणि आतलं पाहून हळहळला. शेव्हर्लेचा मुख्य अभियंता एड कोल याला त्यानं पत्र लिहिलं, आणि मे १९५३ मध्ये तिथेच नोकरीला लागला. डिसेंबरात त्यानं वरिष्ठांना एक टिपण धाडलं. मथळा साधारण असा : तरुण, हॉट-रॉडवाले (म्हणजे गाड्या स्वतः खोलून वेगवान करणारे) आणि शेव्हर्ले यांच्याविषयी काही विचार. मुद्दा साधा. पोरं फोर्डच्या इंजिनांवर हात काळे करत मोठी होतात, म्हणून पुढे फोर्डच घेतात. आपल्या इंजिनाचे वेगवान सुटे भाग आपणच बाजारात आणा. नोकरीला आठ महिने झाले नव्हते गड्याला!

१९५५ ला आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आलं. १९५६ च्या सुरुवातीला झोरानं स्वतः आखलेला कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) घालून डेटोनाच्या वाळूवर ताशी १५० मैल, म्हणजे २४० किमीच्या वर कॉर्व्हेट पळवली. १९५७ ला फ्युएल इंजेक्शन आणि चार गिअरचा मॅन्युअल. २८३ घनइंचांच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती, असं कंपनी मिरवायची.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. झोराच्या डोक्यात एक भुंगा होता : इंजिन चालकाच्या पाठीमागे हवं, मागच्या चाकांच्या जरा पुढे. ताकद मागच्या चाकांना जाते तर वजनही तिथेच पडू दे, म्हणजे टायर रस्ता धरेल. १९६० साली त्यानं 'सर्व्ह-१' नावाची एकआसनी प्रायोगिक गाडी तशी बनवली. १९६४ ला सर्व्ह-२, तिच्यात तर चारही चाकांना ताकद. १९७० च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात एक्सपी-८८२ दाखवली. मग व्हँकेल इंजिनाचं (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या) खूळ आलं, तेलाच्या टंचाईत बुडालं. त्याच गाडीत पुढे व्ही-८ बसवून 'एरोव्हेट' झाली, आता येणार म्हणता म्हणता तीही बारगळली. दर वेळी वरून येणारं उत्तर एकच : आहे ती गाडी विकतेय ना?

आणि ती विकत होतीच, हीच तर गोम. १९७५ साली साध्या कॉर्व्हेटची ताकद १६५ अश्वशक्तीपर्यंत घसरली. झोरा त्याच वर्षाच्या सुरुवातीला निवृत्त झाला. आणि १९७९ साली गाडीनं विक्रीचा विक्रम केला, ५३,८०७! १९९६ ला झोरा गेला. इंजिन पाठीमागे असलेली कॉर्व्हेट, आठवी पिढी, जगापुढे आली १८ जुलै २०१९ ला. सर्व्ह-१ पासून मोजा, जवळजवळ साठ वर्षं.

तर मंडळी, झोरा बरोबर होता, की त्याला नाही म्हणणारे?


वाचनमात्र

झकास. पण मिसळ गार होऊ देणाऱ्या माणसावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न आहे.


हिशेबनीस

लेख आवडला, पण देव्हाऱ्यात एकट्या झोराला बसवलंय त्याला हरकत. गाडी वाचवली ती एड कोलच्या चमूच्या व्ही-८ नं. ते २६५ घनइंची इंजिन १९५५ ला आलं. ते झोराचं नव्हे. आणि गाडीच नसती तर झोरा काय सुधारणार होता? म्हणजे अर्ल बाप, कोल दुसरा बाप, झोरा फार तर मामा.

दुसरं, नाही म्हणणाऱ्यांचा हिशेब बघा. दोन आसनी गाडी वर्षाला वीस-तीस हजार खपते. तिच्यासाठी नवी चासी, नवा गिअरबॉक्स, नवे साचे. तो खर्च त्या खपावर वसूल करायचा तर किंमत इटालियन गाड्यांकडे सरकते. कॉर्व्हेटचं सगळं नाव 'निम्म्या पैशात तेवढाच वेग' यावर. १९७० मध्ये इंजिन मागे नेलं असतं तर १९८० मध्ये कॉर्व्हेट उरली असती का?


चौथागिअर

मामा मान्य! आमच्याकडे मुंज झाल्यावर पोराला मामाच उचलतो. :)

खर्चाचा मुद्दाही खरा. पण मग २०१९ ला ते ६० हजार डॉलरच्या आत कसं जमलं?


हिशेबनीस

कारण तोवर दुसरा रस्ता उरला नव्हता. हे दोन आकडे शेजारी ठेवा. २०१९ ची सगळ्यात ताकदवान कॉर्व्हेट झेडआर-१, इंजिन पुढे, सुपरचार्जर लावून ७५५ अश्वशक्ती : शून्य ते ६० मैल २.८५ सेकंदांत. २०२० ची साधी स्टिंगरे, इंजिन मागे, झेड-५१ हे वेगासाठीचं पॅकेज घेऊन ४९५ अश्वशक्ती : २.९ सेकंद. २६० घोडे कमी, फरक डोळ्याची पापणी लवेल एवढाही नाही. पुढच्या इंजिनाची ताकद मागचे टायर जमिनीला लावूच शकत नव्हते, नुसते घासत होते. झोरा १९६० ला जे म्हणत होता ते २०१९ मध्ये अक्षरशः खरं ठरलं. पण २८३ घोड्यांच्या काळात ते खरं नव्हतं, असा माझा मुद्दा.


फायबरवाला_रत्नागिरी

तुमच्या भाच्याला माझ्याकडे धाडा. 'प्लॅस्टिक' म्हणतो काय!

आमचा फायबरच्या होड्यांचा धंदा. लाकडी होड्या बांधणारे आता बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळा किनारा फायबरवर. काम असं चालतं : साच्याला मेण घासायचं, म्हणजे माल चिकटत नाही. त्यावर जेलकोटचा हात, हीच बाहेरून दिसणारी कातडी. ती ओढली की काचतंतूची मॅट अंथरायची, हार्डनर घातलेलं रेझिन ब्रशनं मुरवायचं आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. थर वाळला की पुढचा थर. बुडबुडा राहिला की तिथे पुढे फोड येणार. हार्डनर जास्त झाला तर रेझिन हातातच तापून दगड होतं, कमी झाला तर दोन दिवस चिकट. पावसाळ्यात तर अंदाज पार चुकतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की १९५३ च्या त्या ३०० गाड्यांची अंगं अशीच फायबरची, बव्हंशी हातकामाची होती. मोटारीचा कारखाना पत्रा ठोकण्यात मुरलेला. पोलादी डाय बनवायला पैसा आणि वेळ दोन्ही फार लागतात, म्हणून घाईच्या गाडीला फायबर. साचा स्वस्तात होतो, चुकला तर बदलता येतो. आधी तर पुढे पत्र्यावर जायचा विचार होता, पण मग फायबरच कायम झालं. ओहायोतल्या अ‍ॅशटाब्युलाच्या कंपनीनं भाग बनवून दिले. हातानं थापलेला प्रत्येक तुकडा जाडीला उन्नीस-बीस, त्यामुळे दोन भागांमधल्या फटी सारख्या येत नाहीत. मग पुटी भरा, घासा, पुन्हा भरा. आमच्याही पहिल्या दहा होड्या तशाच होत्या, खोटं कशाला बोलू. नंतर त्यांनी धातूच्या दोन साच्यांमध्ये दाबून भाग काढायला सुरुवात केली, मग दोन्ही बाजू गुळगुळीत.

मोठा फायदा कोकणातल्या माणसाला सांगायला नको : गंज नाही. खाली लोखंडी चासी मात्र गंजते. जुनी कॉर्व्हेट घेणाऱ्यानं वरची चकाकी बघून भुलू नये, आडवं होऊन खाली बघावं.


वाचनमात्र

फायबरवाले काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना.


फायबरवाला_रत्नागिरी

टाकतो. मच्छीमारीचा हंगाम संपू दे. आता होड्या दुरुस्तीला रांग लागलीय.


माझगाव_निवृत्त

अवांतर, पण राहवत नाही. आम्ही आयुष्यभर कॉर्व्हेट म्हटलं की युद्धनौकाच समजत आलो. माझगाव गोदीत 'खुकरी' वर्गाच्या दोन कॉर्व्हेट बांधल्या, 'खुकरी' आणि 'कुठार'. मी तेव्हा वेल्डिंग विभागात. खुकरी १९८९ ला नौदलात गेली. १९७१ च्या युद्धात बुडालेल्या त्याच नावाच्या फ्रिगेटची ती वारस. सेवानिवृत्तीनंतर ती आता दीवला स्मारक म्हणून आहे. नातवानं एकदा 'आजोबांनी कॉर्व्हेट बनवली' असं शाळेत सांगितलं आणि मुलांनी त्याला खोटारडा ठरवलं.

गाडीचं नाव याच नौकेवरून घेतलं का?


चौथागिअर

काका, सलाम. नाव नौकेवरूनच. शेव्हर्लेच्या प्रसिद्धी खात्यात मायरन स्कॉट नावाचा माणूस होता, मूळचा वृत्तपत्र छायाचित्रकार. ढिगानं नावं सुचवून झाली होती, एकही पसंत पडेना. त्यानं शब्दकोशात छोट्या चपळ युद्धनौकेचं हे नाव शोधून पुढे केलं. उतारावरून बिनइंजिनाच्या डब्बागाड्या सोडायची मुलांची ती अमेरिकन शर्यत, सोप बॉक्स डर्बी, तीही त्याचीच कल्पना. नातवाला सांगा, आजोबांची कॉर्व्हेट अस्सल, ही अमेरिकन उसनी.


रेषा_आणि_रंग

१९६३ ची कॉर्व्हेट स्टिंगरे राहिलीच की! माझ्या मते अमेरिकेत बनलेली सगळ्यात देखणी गाडी, आणि धाग्यात तिला एक ओळ नाही? निषेध.

अर्लनंतर डिझाइनची गादी बिल मिचेलकडे आली. हा समुद्रातल्या मोठ्या माशांच्या शिकारीचा शौकीन. स्टिंगरेवर हात फिरवणाऱ्यांत लॅरी शिनोडा. जपानी वंशाचा, लॉस एंजेलिसचा. पर्ल हार्बरनंतर पोरवयात घरच्यांसह मँझनारच्या छावणीत डांबला गेला होता. ज्या देशानं काटेरी तारेमागे ठेवलं त्याच देशाच्या मानाच्या गाडीची रेष या माणसानं ओढली.

त्या गाडीची खूण म्हणजे मागची काच, मधोमध कण्यासारखी पट्टी जाऊन दुभंगलेली. मिचेलला ती प्राणप्रिय. पुढून निघालेली रेष छपरावरून शेपटीपर्यंत अखंड जायला हवी, असा त्याचा हट्ट. झोरा म्हणे, आरशात मागचं काही दिसत नाही, काढा ती. दोघांचं कडाक्याचं वाजलं. १९६३ ला मिचेल जिंकला, १९६४ ला पट्टी गेली. गंमत पुढेच. तेव्हा कित्येक मालकांनी आपल्या ६३ च्या गाडीची पट्टी कापून ६४ ची एकसंध काच बसवून घेतली. आज पट्टीवाल्यांचे भाव बघून त्यांची नातवंडं कपाळ बडवत असतील.

मिचेलचा आणखी एक किस्सा सांगतात. 'माको शार्क' ही प्रायोगिक गाडी हुबेहूब त्याच्या भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या माशासारखी रंगवा, असा हुकूम. रंगाऱ्यांना ती छटा काही केल्या साधेना. शेवटी त्यांनी रात्रीत मासा उतरवला आणि तोच गाडीच्या रंगानं रंगवून परत टांगला. साहेब खूश.


हिशेबनीस

हाहा. माझ्या पहिल्या नोकरीत स्टॉकचा ताळेबंद असाच जुळवायचे. मासाच रंगवायचे.

रेषाताई, काचेच्या भांडणात मी झोराच्या बाजूनं. मागचं दिसत नसेल तर ती गाडी नव्हे, शोकेस.


रेषा_आणि_रंग

शोकेस तर शोकेस. बघत बसेन.


पाटे_कमानी

मी साताऱ्याचा, आमचे सहा ट्रक. या गाडीबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक, आणि ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. या कॉर्व्हेटला मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, होते राव! ट्रकसारखे! फक्त आपल्याकडे पाटे गाडीच्या लांबीत, चासीच्या दोन्ही अंगाला बसतात. यांचा एकच गठ्ठा, आणि तो आडवा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. १९६३ ला दोन्ही मागची चाकं सुटी सुटी हलायला लागली, तेव्हापासून ही रचना. १९८१ पासून काही गाड्यांत पोलादाच्या जागी फायबरचा एकच पाटा घातला, सुमारे १५ किलो वजन वाचलं. १९८४ पासून पुढेही आडवा फायबरचा पाटा.

गोरे पत्रकार याला बैलगाडी म्हणून हसायचे. हसू द्या. आडवा पाटा बसतो खालच्या अंगाला, म्हणजे वजन जमिनीजवळ. स्प्रिंग उभी असते, ती वर जागा खाते. गाडी वळणावर झुकली की पाट्याचं एक टोक दुसऱ्याला आवरतं. फायबरचा पाटा दमतही नाही. आमच्या पोलादी पाट्यांचं मधलं पान दर पावसाळ्यात खंबाटकीत मोडतं, ते मी मोजतोय.


चौथागिअर

पाटेभाऊ, वाजवा रे टाळ्या. सातव्या पिढीपर्यंत ते आडवे पाटे होते. आठवीत इंजिन-गिअरबॉक्स मागे आल्यावर त्यांची जागा गेली, साध्या कॉइल स्प्रिंगा आल्या.


हिशेबनीस

घोड्यांच्या आकड्यांबद्दल एक इशारा, कारण वर १६५ बघून लोक हळहळतील. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन बाकावर ठेवून, पूर्ण सायलेन्सर, एअर फिल्टर, डायनॅमो यांचं ओझं न लावता ताकद मोजायच्या. १९७२ पासून सगळं लावून मोजायची पद्धत आली. एलटी-१ नावाचं तेच इंजिन १९७१ ला ३३०, १९७२ ला २५५! इंजिन तेच, तराजू बदलला. खरी घटही होतीच. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी आणि धुराच्या नियमांसाठी कॉम्प्रेशन उतरवलं होतं. पण घसरणीतला मोठा तुकडा कागदावरचा आहे.

उलटी चोरीही चालायची. १९६७ चं एल-८८ इंजिन कागदावर ४३० अश्वशक्ती, प्रत्यक्षात ५०० च्या वर. शेजारच्या ओळीत स्वस्तातलं एल-७१, कागदावर ४३५. का? तर हौशी गिऱ्हाइकानं आकडा बघून ४३५ वालं घ्यावं आणि शर्यतीचं इंजिन जाणत्यांनाच मिळावं. एल-८८ सोबत हीटर नाही, रेडिओ नाही. पहिल्या वर्षी २० गाड्या गेल्या.


केंटकीकर

या धाग्यावर लिहिलंच पाहिजे. आम्ही लुईव्हिलला राहतो, बोलिंग ग्रीन दोन तासांवर. १९८१ पासून जगातली प्रत्येक कॉर्व्हेट तिथे बनते. कारखान्यासमोरच कॉर्व्हेटचं संग्रहालय. नवऱ्याला दर पाहुण्याला तिथे न्यायचं व्यसन आहे, त्यामुळे मी आतापर्यंत सहा वेळा पाहिलंय. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण दोन गोष्टींपाशी मी दर वेळी थांबते.

एक, १९८३ ची गाडी. त्या वर्षी कॉर्व्हेट विकलीच नाही. नवी चौथी पिढी वेळेत तयार होईना, म्हणून ते साल सोडून एकदम १९८४ चं मॉडेल आणलं. चाचणीसाठी ४३ गाड्या बनवल्या होत्या, त्या मोडीत काढल्या. एकच वाचली, पांढरी. ती तिथे उभी असते. अख्ख्या सालाची एकुलती एक.

दुसरी, तो खड्डा. तो सगळा भाग चुनखडीचा, जमिनीखाली पाण्यानं पोखरलेल्या गुहा. मॅमथ केव्ह जवळच आहे. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे संग्रहालयाच्या घुमटाखालची फरशी खचली आणि आठ कॉर्व्हेट पाताळात. साधारण ३० फूट खोल. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्यातच १९९२ ला बनलेली दहा लाखावी कॉर्व्हेट, मुद्दाम पहिल्यांसारखी पांढरी आणि आत लाल. 'ब्लू डेव्हिल' नावाची निळी झेडआर-१ वर काढली तर चक्क चालू झाली. आठांपैकी तीन नीट केल्या, पाच तशाच चेपलेल्या ठेवल्यात. त्या बघायला गर्दी जास्त. आईला नेलं होतं, ती चेपलेल्या गाडीसमोर उभी राहून म्हणाली, "सीतामाईच्या वेळी अशीच फाटली असेल." नवरा गोऱ्या गाईडला भाषांतर करून सांगत बसला.

हो, आणि झोराच्या अस्थी त्याच इमारतीत आहेत. बायकोच्याही, एल्फीच्या. ती पॅरिसच्या रंगमंचावर नर्तकी होती.


चौथागिअर

केंटकीकर, १९८३ ची गाडी माहीत होती, पण तुमच्या आईंचं वाक्य या धाग्याचं सोनं आहे.


शिवडीकर

आमचे आजोबा शेवटपर्यंत 'शेवरलेट' म्हणायचे, शेवटचा ट ठणठणीत. ते शिवडीला जीएमच्या कारखान्यात होते. १९२८ चा कारखाना, देशात मोटारी जोडायचा पहिलाच. अमेरिकेहून पेट्या यायच्या, इथे गाडी, ट्रक, बस उभी राहायची. मग सरकारनं ठरवलं की नुसती जोडाजोड नको, भाग इथे बनवणार असाल तर राहा. १९५४ ला कारखाना बंद. म्हणजे तिकडे फ्लिंटमध्ये पांढऱ्या कॉर्व्हेट बनत होत्या तेव्हा इकडे आजोबा दुसरी नोकरी शोधत होते. पुढे कुर्ल्याला फियाटवर आयुष्य काढलं.

आणि योगायोग बघा, तळेगावला जीएम परत आली, २००८ ला. आमचा चुलतभाऊ तिथे. २०१७ अखेर भारतातली विक्री थांबली, मग निर्यातीपुरतं काम, २०२० च्या डिसेंबरात तेही. एका घराण्यात दोनदा.


वाचनमात्र

शिवडीकर, तुमच्या पुढच्या पिढीनं सरकारी नोकरी धरावी.


शिवडीकर

पोरगी बँकेत आहे. :)


बे_एरियातला

मी आठवी पिढी चालवलीय. विकत कुठली, एका दिवसाच्या भाड्यानं, चाळिसाव्या वाढदिवसाला. अनुभव सांगतो.

पहिली तक्रार : क्लच नाही. आठ गिअरचा दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक, मॅन्युअल मिळतच नाही. १९५३ ला ऑटोमॅटिक म्हणून नावं ठेवली, आणि आता फिरून तिथेच आलो म्हणा. फरक एवढा की हा माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगले गिअर टाकतो. दुसरी : चालक आणि शेजारचा यांच्या मधे एसीच्या बटणांची लांबलचक भिंत. बायको म्हणाली, "मी पलीकडच्या खोलीत बसलेय का?" तिसरी तक्रार भाड्यानं देणाऱ्याची, त्यानं रिमवरच्या जुन्या चऱ्याचे पैसे माझ्याकडून काढले. नाव घेत नाही. गाडी घेताना चारही रिमांचे फोटो काढा रे.

पण समुद्राकाठच्या घाटात शिरलो तेव्हा झोरा काय म्हणत होता ते कमरेला कळलं. जुन्या कॉर्व्हेटमध्ये, मित्राची १९९८ ची आहे, तुम्ही जवळजवळ मागच्या आसावर बसता. पुढे लांबच लांब बॉनेट, नाक वळून झाल्यावर तुम्ही वळता. इथे बॉनेट नाहीच, पाय जवळपास पुढच्या चाकांमध्ये. स्टिअरिंग हललं की तुम्ही वळलात. आणि आवाज मानेमागून येतो, कुणी कानाशी घोरावं तसा.


रेषा_आणि_रंग

पण रूप? खरं सांगा. लांब बॉनेट गेलं म्हणजे कॉर्व्हेटचं नाक कापलं.


बे_एरियातला

रूपात गेली, कबूल. लांबून इटालियन वाटते. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोरानं मला विचारलं, "फेरारी?"


चौथागिअर

रेषाताईंच्या निषेधाची नोंद घेऊन एक राहिलेली गोष्ट टाकतो, शर्यतीची. १९६० ला ब्रिग्ज कनिंगहॅम नावाच्या धनिकानं तीन कॉर्व्हेट ले माँला नेल्या. २४ तासांची शर्यत. शेवटी शेवटी जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन यांची गाडी तापून उकळायला लागली, रेडिएटरचं पाणी गेलेलं. नियम असा की ठरावीक फेऱ्या होईपर्यंत पाणी भरता येत नाही. मग दर थांब्याला पोरांनी बॉनेट उघडून इंजिनाभोवती बर्फ कोंबला. पाणी भरायचं नाही, पण बर्फ ठेवायला बंदी नव्हती! तशीच रडतखडत गाडी पुरी झाली, एकूण आठवी आणि आपल्या गटात पहिली. त्यानंतर ले माँला कॉर्व्हेटला गटातला पहिला नंबर मिळाला तो थेट २००१ ला.


पाटे_कमानी

बर्फाची आयडिया आमच्याकडे चालत नाही. आम्ही ओलं गोणपाट टाकतो.


हिशेबनीस

धागा शंभरी गाठायच्या आत माझं शेवटचं. २०२५ च्या झेडआर-१ मध्ये १,०६४ अश्वशक्ती आहे, दोन टर्बो लावून. पुढे इंजिन ठेवून हे जमिनीला लावता आलं नसतं, म्हणजे झोरा बरोबर. पण १९७० मध्ये त्याचं ऐकलं असतं तर ही गाडी बनवायला कंपनीकडे कॉर्व्हेट नावाचं काही उरलं नसतं, म्हणजे नाही म्हणणारेही बरोबर. दोन्ही रकाने जुळले, मासा न रंगवता.


बे_एरियातला

आणि या पिढीपासून कारखान्यातूनच उजव्या हाताचं स्टिअरिंग मिळतं, याआधी कधी नव्हतं. जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाला जाते.


वाचनमात्र

म्हणजे आपल्याकडे चालेल! खड्ड्याची सवय तिला संग्रहालयातच लागलीय.


केंटकीकर

:D नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, पुढच्या पाहुण्यांना हे गाईडला सांगायला लावणार.


चौथागिअर

भाच्याला काल या धाग्याचा दुवा पाठवला. रात्री साडेअकराला उत्तर आलं : "मामा, त्या दुभंगलेल्या काचेवालीचं मोठं पोस्टर कुठे मिळेल? आणि फायबरवाल्या काकांकडे मे महिन्यात जायचंय, आईला तू विचार."

फायबरवाले काका, आधीच्या धमकीवर कायम आहात ना?


फायबरवाला_रत्नागिरी

पाठवा बिनधास्त. जुने कपडे घालून ये म्हणावं, रेझिन धुतल्यानं निघत नाही.